कमानीवर गुलाब चढवायचाय, कुठला घेऊ?

प्रश्न : ताई, साताऱ्यात नवीन घर बांधलंय, गेटवर आठ फुटी लोखंडी कमान केलीये. इंग्लंडमधल्या घरांचे फोटो बघून तसाच कमानभर गुलाब हवाय. नर्सरीवाले म्हणतात रॅम्बलर जातीचा वेलगुलाब न्या, लवकर भरतो. नेऊ का?

उत्तर : नका नेऊ. लवकर भरतो हे खरंय, फांद्या लांबच लांब आणि लवचिक असतात, पण बहुतेक रॅम्बलर वर्षातून एकदाच फुलतात, तेही आदल्या वर्षीच्या फांद्यांवर, आणि त्या बहराआधी चांगली कडाक्याची थंडी लागते जी आपल्याकडे पडतच नाही. फोटोत दिसणारे डोरोथी पर्किन्स, अमेरिकन पिलर हे त्यातलेच. इथे लावलेत तर कमान हिरवीगार होईल, फुलांची मात्र वाट बघत बसाल.

तुम्हाला क्लायंबर हवा, वेलगुलाबाचा दुसरा प्रकार. फांद्या जाड, ताठ, फुलं मोठी आणि बहर परत परत. पांढऱ्यात दिल्ली व्हाइट पर्ल घ्या, आपले भारतीय गुलाबतज्ज्ञ डॉ. बी. पी. पाल यांनी काढलेली जात आहे, म्हणजे आपल्याच हवेतली. पिवळा हवा असेल तर गोल्डन शॉवर्स. क्लायंबिंग आइसबर्गही छान, फक्त तो मूळचा झुडपी गुलाब, त्यामुळे पहिली दोन वर्षं मुख्य फांद्यांना कात्री लावायची नाही, नाहीतर कधीकधी परत झुडूपच होतं. आणि कोडाईकॅनालच्या विरू वीरराघवन यांनी मणिपूरकडच्या रोझा जायगँशिया या रानगुलाबापासून खास उष्ण हवेसाठी वेली तयार केल्यात, त्यातलं कुठलंही रोप हाती लागलं तर बाकी सगळं सोडा आणि ते लावा!

कमानीला सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळतंय ना तेवढं आधी बघा.

प्रश्न : पुण्यात आमचा क्लायंबर पहिल्या मजल्यापर्यंत गेलाय पण फुलं फक्त शेंड्याला, खाली नुसत्या काठ्या. खत कमी पडतंय का?

उत्तर : खताचा संबंध नाही हो, फांद्या सरळ उभ्या गेल्यात म्हणून होतंय. शेंडा वर असला की तो खालच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, फुटूच देत नाही. फांदी आडवी केलीत की त्याचा जोर मोडतो आणि पेरापेराशी लालसर कोंब दिसायला लागतात, एकेक कोंब म्हणजे पुढचा फुलांचा तुरा. पावसाळा संपला की ऑक्टोबरात छाटणी करताना वाळलेलं, बारीक काढून टाका आणि मग कोवळ्या हिरव्या फांद्या रोज थोड्या थोड्या वाकवत भिंतीवरच्या तारेला जवळजवळ आडव्या बांधा. जुन्या तपकिरी फांद्यांना जबरदस्ती करू नका, काडकन मोडतात. बांधायला सुतळी किंवा जुन्या सुती साडीची पट्टी, सैलसर. बारीक तार सालीत रुतते आणि तिथूनच फांदी वाळत जाते. साधारण दीड महिन्यात फुलं येतील.

प्रश्न : नाशिक. लाल वेलगुलाबाच्या बुडातून एक फांदी सुसाट वाढली, तिला बारीक पांढऱ्या फुलांचे घोस आलेत. लाल बंद झालाय.

उत्तर : तो खालच्या खुंटाचा फुटवा आहे, म्हणजे ज्या रानगुलाबाच्या बुडावर तुमच्या लाल गुलाबाचा डोळा बसवून कलम केलंय त्याचा. सगळी ताकद तोच खातोय. माती उकरा, निघालाय तिथूनच मुळापासून ओढून काढा. वरून नुसता कापलात तर एकाचे चार होतील.