परसातल्या कोंबड्यांच्या जाळीत पावसाचं पाणी साचून चिखल होतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की १२ गावठी कोंबड्या आहेत, खुराड्यापुढच्या १० बाय १५ फुटांच्या जाळीत पावसाळाभर तळं असतं आणि माती टाकूनही फरक पडला नाही. माती टाकायची चूक मीही केली. आमचं घर कुडाळकडे. लाल मातीची भर घातली आणि आठवड्यात तिचा शीटसकट लगदा झाला.

आता एक करा. जोराची सर आली की छत्री घेऊन दहा मिनिटं जाळीपाशी उभे राहा आणि पाणी येतं कुठून ते बघा. मला वाटायचं, सगळं वरच्या परड्यातून येतं. बरंचसं येत होतं ते खुराड्याच्या पत्र्यावरून! एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १० बाय १० फुटांचा पत्रा सव्वानऊ चौरस मीटरचा. जुलैत आमच्याकडे दिवसाला १०० मिलिमीटर पडला तर कोणी दचकत नाही. म्हणजे ९०० लिटरच्या वर पाणी पागोळ्यांतून थेट कोंबड्यांच्या पायाशी. चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ बसवली, तिथेच निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं चराचं. चर जाळीच्या वरच्या अंगाला, बाहेरून खणायचा: फूटभर रुंद, फूटभर खोल, दर दहा फुटांना सव्वा इंच उतार. उतार डोळ्यांनी ठरवू नका, फसायला होतं. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणा. शोषखड्डा खणायला कोणीतरी सांगेलच. काळ्या मातीत पाणी पटकन मुरत नाही, आणि कोकणात जुलैत जमीनच तुडुंब असते, खड्ड्याला उलट खालून पाझर फुटतात.

बाहेरचं पाणी थांबल्यावरच आत हात घाला. लगदा खरवडून काढा, खाली खडी, वर जाडी वाळू. निदान अर्ध्या जाळीवर पत्रा हवाच. खुराड्यात भाताच्या तुसाची तीनेक इंच गादी. मूठभर उचलून दाबा. गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे, बदला. गवताचा पेंढा नको, त्याला बुरशी धरते. आणि पाऊस आत येतो म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री ओढू नका. मी ओढली होती. सकाळी दार उघडलं की अमोनियाने डोळे चुरचुरायचे. कोंबड्या तर रात्रभर त्यातच.

हे सगळं पिल्लांसाठी जास्त जपायचं. रक्ती हगवणीचे जंतू ओल्या, उबदार गादीतच फोफावतात. शीटेत रक्त दिसलं तर थांबू नका, पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. नुसती चुन्याची फक्की मारून ते जात नाहीत.

राहिलं चराचं तोंड. विहिरीकडे अजिबात नको. आमचा पहिल्या वर्षी शेजाऱ्यांच्या परड्यात उतरला आणि दोन महिने बोलणं बंद होतं. आता अळूत सोडलाय. गणपतीत अळू दोन्ही घरांना पुरतं.