ड्रायव्हर एक दिवस सरळ, एक दिवस झाडीत: सातत्य कसे आणावे?

तुमचा प्रश्न असा आहे की, गोल्फमध्ये आयर्न (धातूच्या पातळ डोक्याच्या, आखूड दांड्याच्या काठ्या) बऱ्यापैकी लागतात, परंतु ड्रायव्हर (लांब दांड्याची, दूर मारायची काठी) एका रविवारी सरळ जातो, पुढच्या रविवारी उजवीकडे वळून हद्दीबाहेर पडतो आणि त्याच्या पुढच्या रविवारी डावीकडे; तेव्हा सातत्य कसे आणावे, आणि नवा ड्रायव्हर घ्यावा का. मी प्रशिक्षक नाही. बेळगावात उद्यमबागेत माझे लेथकामाचे छोटे वर्कशॉप आहे आणि गेली अकरा वर्षे मी रविवारी सकाळी गोल्फ खेळतो, एवढाच माझा अधिकार. तरीही लिहायला बसलो, कारण नेमक्या याच प्रश्नावरून माझे आणि माझ्या दाजींचे गेली काही वर्षे वाजत आले आहे.

नवा ड्रायव्हर घेऊ नका. पुण्यातल्या एका दुकानात माझे हात बघून "तुम्हाला कडक शाफ्टच लागणार" (शाफ्ट म्हणजे काठीचा दांडा) असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडून पावणेसेहेचाळीस इंच लांबीचा आणि ९ अंश लॉफ्टचा, म्हणजे तोंड मागे तेवढे कललेला, ड्रायव्हर मी भारी किमतीत घेतला होता. पहिले तीन रविवार तो उत्तम लागला आणि चौथ्या रविवारी जुन्या ड्रायव्हरसारखाच वागू लागला. नव्या वस्तूचे नवेपण आपल्याला काही दिवस सावधपणे खेळायला लावते, त्यापलीकडे त्यात काही नसते.

आमच्या धंद्यात जॉब दोन प्रकारे बिघडतो. शंभर बुश (धातूच्या छोट्या पोकळ नळ्या) कापले आणि सगळेच दोन दशांश मिलिमीटरने मोठे निघाले, तर दुखणे सोपे असते. ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) बदलला की काम झाले. परंतु एक मोठा, एक लहान, तिसरा बरोबर असे निघू लागले, तर ऑफसेटला हात लावायचा नसतो. चकचे जबडे, बेअरिंग, टूलची पकड यांपैकी कुठे काय ढिले आहे ते शोधायचे असते. ज्याचा चेंडू दर वेळी उजवीकडेच वळतो, त्याने स्विंगची दिशा सुधारावी. तुमचा आणि माझा आजार दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि गोल्फमधला बहुतेक फुकटचा सल्ला पहिल्या आजारावरचा असतो.

आता दाजी. ते लष्करातून निवृत्त झाले, गोल्फ तिथेच शिकले आणि मलाही त्यांनीच शिकवले. त्यांचे उपकार मी नाकारत नाही. परंतु प्रत्येक फटक्यानंतर एक दुरुस्ती सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. चेंडू उजवीकडे गेला की "डावा पाय जरा मागं घे," डावीकडे गेला की "ग्रिप फिरली बघ तुझी," आणि वर न उठता जमिनीलगत पळाला की "डोकं वर आलं." एका राउंडमध्ये मी अशा नऊ सूचना मोजल्या आहेत, आणि त्यांतल्या चार एकमेकींच्या विरुद्ध होत्या. जुलै २०२२च्या शेवटच्या रविवारी आमचा चौघांचा डाव चालू असताना मी पाठोपाठ दोन चेंडू हद्दीबाहेर घालवले. हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूला एक दंडाचा फटका बसतो आणि पुन्हा त्याच जागेवरून मारावे लागते, म्हणजे टी-वरचा (होलच्या सुरुवातीच्या जागेवरचा) तुमचा दुसरा चेंडू हा तिसरा फटका ठरतो आणि त्यानंतरचा पाचवा. पुढच्या होलवर मी निमूटपणे तीन नंबरचे वूड (ड्रायव्हरहून आखूड काठी) काढले, तेव्हा दाजी कॅडीच्या (काठ्या वाहणाऱ्या मदतनिसाच्या) देखत म्हणाले, "एवढा महागाचा ड्रायव्हर काय शोकेसला ठेवायला घेतलास? घाबरलास होय? हाण की!" मी वूड परत ठेवले, ड्रायव्हर घेतला आणि तिसरा चेंडूही घालवला. ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

त्यानंतर आठवड्याभरातच आमच्या गोल्फ मैदानात बिबट्या शिरला. ऑगस्ट २०२२मधली ती गोष्ट बेळगावकरांना सांगायला नको. आसपासच्या शाळांना सुट्टी दिली गेली, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलु शिबिरातून हत्ती आणले गेले, आणि इतके करून बिबट्या शेवटपर्यंत हाती लागला नाही तो नाहीच. खेळ बंद पडला. दाजी घरी बसून बातम्या बघत राहिले आणि मी वर्कशॉपच्या मागच्या आवारात शेडनेटची दुहेरी घडी टांगली, तिच्यामागे एक जुने घोंगडे बांधले आणि शिफ्ट सुटल्यावर रोज चाळीस चेंडू मारू लागलो. पावसाने चिखल झाल्यामुळे चेंडू ठेवायची लाकडी टी (छोटी खुंटी) जमिनीत उभी राहीना, म्हणून हायड्रॉलिक होजचा एक तुकडा सरळ कापून पायपुसणीवर उभा केला आणि त्यावर चेंडू ठेवला.

जाळीत मारताना चेंडू कुठे गेला असता हे दिसत नाही. ही अडचणच माझ्या पथ्यावर पडली, कारण बघण्यासारखी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे चेंडू ड्रायव्हरच्या तोंडावर कुठे लागला. सौभाग्यवतींच्या डब्यातली टाल्कम पावडर मी ड्रायव्हरच्या तोंडावर पातळ थापली. प्रत्येक फटक्यानंतर तिच्यात साधारण रुपयाच्या नाण्याएवढा गोल ठसा उमटतो. त्या ठशाचे केंद्र तोंडाच्या मध्यापासून किती दूर आहे ते व्हर्नियरने मोजायचे, वहीत लिहायचे, फडक्याने पुसायचे आणि पुन्हा पावडर लावायची. पहिल्या संध्याकाळचे चाळीस ठसे मांडले तेव्हा सरासरी मध्यापासून जेमतेम ३ मिलिमीटर हीलकडे (दांड्याजवळच्या टोकाकडे) होती, म्हणजे जवळजवळ निर्दोष. परंतु टो-च्या (दांड्यापासून लांबच्या टोकाच्या) बाजूचा सर्वांत दूरचा ठसा आणि हीलच्या बाजूचा सर्वांत दूरचा ठसा यांत ३८ मिलिमीटरचे अंतर होते. ड्रायव्हरच्या डोक्याचे वजन तोंडाच्या मागे असते, त्यामुळे हीलकडे लागलेला चेंडू उजवीकडे वळायला बघतो आणि टो-कडे लागलेला डावीकडे. स्विंग तोच राहिला तरी चेंडू दोन्हीकडे जाऊ शकतो, हे त्या वहीने मला शिकवले. एका दिवशी स्लाइस (उजवीकडे वळणारा चेंडू) आणि एका दिवशी हुक (डावीकडे वळणारा) यांसाठी मी जी दोन वेगळी औषधे घेत होतो, ती एकाच रोगाची दोन लक्षणे होती.

चेंडू गोळा करून द्यायला खानापूरकडचा एक नवा ऑपरेटर थांबत असे. मन लावून काम करणारा मुलगा; त्याच आठवड्यात त्याने प्रत्येक बुश मोजून, जेवढा फरक दिसेल तेवढा ऑफसेट लगेच उलटा फिरवून, दिवसभरात रिजेक्शनची एक पेटी भरली होती, आणि मशीनला स्वतःहून जेवढे हलायचे आहे तेवढे हलू दे, तू तिच्या मागे धावलास तर फरक वाढतो, हे मी त्याला वहीवर आकडे मांडून समजावले होते. तिसऱ्या संध्याकाळी तो अगदी आदराने म्हणाला, "मालक, मला ऑफसेटला हात लावू नको म्हणालात, आणि तुम्ही तर दर बॉलला पाय हलवायलाय की."

तो बरोबर होता. हीलकडे ठसा दिसला की मी नकळत अर्धा इंच मागे सरकत होतो, टो-कडे दिसला की पुढे. खडूने पावलांभोवती रेघा मारून पाहिले, तेव्हा चाळीस चेंडूंत माझे चेंडूपासूनचे अंतर जवळजवळ दोन इंचांच्या पट्ट्यात फिरत होते. आयर्नला हे खपून जाते, कारण सात नंबरचे आयर्न साधारण ३७ इंचांचे आणि ड्रायव्हर ४५ इंचांच्या वर. दांडा जेवढा लांब तेवढी हातातली लहान चूक टोकाला मोठी होते. तुमचे आयर्न चांगले लागतात आणि ड्रायव्हर नाही, यात आश्चर्य नाही. तुमच्या दोषाला लपायला आयर्नमध्ये जागा आहे, एवढेच.

मी केलेले उपाय साधे आहेत. आधी ड्रायव्हरचे डोके चेंडूच्या मागे ठेवायचे आणि मग पाय जुळवायचे. पाय आधी रोवून चेंडूकडे हात लांबवायचा नाही. दोन्ही पाय जवळ, चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या कडेसमोर, आणि मग रुंदी हवी तेवढी फक्त उजव्या पायाने घ्यायची. ग्रिपचे (काठीच्या मुठीचे) टोक आणि मांडी यांत माझी एक वीत बसते. तुमची किती बसते ते एकदा चांगल्या दिवशी मोजून ठेवा आणि वाईट दिवशी तीच मोजा. ग्रिप एक इंच खाली धरा, त्याला पैसे पडत नाहीत. दहा दिवसांनी माझे ३८ मिलिमीटर २२ वर आले.

टी-ची उंची हा आमच्याकडचा खास प्रश्न आहे. होजच्या तुकड्यावर ठशांची वर-खाली विखुरण जवळजवळ नव्हतीच, आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मैदानात ती लगेच परत आली. कारण बघा: पावसाळ्यात आपल्या लाल मातीत टी लोण्यात घुसावी तशी घुसते आणि मार्च-एप्रिलमध्ये तीच माती अशी आवळते की टी अर्धी आत जाऊन मोडते. आपण मात्र दोन्ही वेळा अंगठ्याने दाबून "बरं आहे" म्हणतो. ठसा खाली लागला की चेंडू कमी उंचीने आणि जास्त फिरकी घेऊन निघतो, वर लागला की उंच आणि कमी फिरकीने. मी टी-वर नेलपॉलिशची एक रेघ ओढली आहे. ड्रायव्हर जमिनीवर टेकवल्यावर त्याच्या वरच्या कडेवर साधारण अर्धा चेंडू दिसला पाहिजे, एवढ्या उंचीला ती रेघ जमिनीशी जुळते. उन्हाळ्यात मी आधी खिशातल्या खिळ्याने भोक पाडतो. कॅडी हसतात, हसू देत.

पुढे मी शाफ्ट मागच्या टोकाने कापून साडेचव्वेचाळीस इंचांवर आणला. ग्राफाइट कापताना कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून बारीक दातांच्या ब्लेडने सावकाश कापावा, नाहीतर धागे उसवतात. लांबी कमी झाली की डोके हलके वाटू लागते. त्यासाठी शिशाची पट्टी चिकटवावी लागते. अंतर माझे थोडे कमी झाले, हे कबूल आहे. जास्तीत जास्त ४८ इंचांची परवानगी नियमांत असली आणि २०२२पासून मोठ्या स्पर्धांना ४६ इंचांची मर्यादा घालण्याची मुभा मिळाली असली, तरी परवानगी आहे म्हणून लांब दांडा वापरलाच पाहिजे असे कुणी म्हटलेले नाही. दुकानदार सोडून.

दाजींना हे काहीही पटलेले नाही. वही दाखवली तेव्हा ते म्हणाले, "गोल्फ खेळतोस का बुश कापतोस?" त्यांचे म्हणणे असे की ड्रायव्हर ही छातीची गोष्ट आहे, आणि टी-वरून वूड काढणारा माणूस लग्नाला जाऊन न जेवता परतणाऱ्यासारखा आहे. अमेरिकेचा गोल्फपटू जॅक निक्लस त्यांचे दैवत. त्याच निक्लसने १९६६ची ओपन (ब्रिटनमधली मोठी स्पर्धा) म्युअरफील्डच्या मैदानावर जिंकली तेव्हा चार दिवसांत मिळून ड्रायव्हर अवघा सतरा वेळा वापरला होता, कारण तिथले रफ (खेळाच्या वाटेच्या बाजूचे गवत) गुडघ्याएवढे वाढलेले होते; हे मी त्यांना दोनदा सांगितले आहे आणि दोन्ही वेळा त्यांना चहा हवा झाला. टी-वरून तीन नंबरच्या वूडवर भिस्त ठेवणारा म्हणून ओळखला जाणारा स्वीडनचा हेन्रिक स्टेन्सन २०१६ साली रॉयल ट्रूनवर शेवटच्या दिवशी ६३ फटक्यांत फिरून ओपन जिंकला. तो घाबरला होता असे म्हणायची कुणाची हिंमत आहे? तेव्हा तुमच्या सोबत्यांपैकी कुणी प्रत्येक फटक्यानंतर दुरुस्ती सांगत असेल, तर त्याला नमस्कार करा आणि त्या राउंडमध्ये काहीही बदलू नका. बदल करायचा तो चाळीस ठसे बघून, सोमवारी, घरी.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पावडर फक्त सरावात लावावी; स्पर्धेत ड्रायव्हरच्या तोंडाला असे काही लावून खेळणे नियमांत बसत नाही. जाळी अंगावर उलटा चेंडू फेकणार नाही इतकी सैल बांधा; माझ्या नडगीवर एक खूण आहे. ठसे मध्यावर येऊनही चेंडू एकाच बाजूला वळत राहिला, तर तो तोंडाच्या कोनाचा आणि स्विंगच्या मार्गाचा प्रश्न आहे, आणि त्यासाठी चांगला प्रशिक्षक गाठावा; तो माझ्या वहीत सापडणार नाही. लॉफ्टबद्दल एवढेच की ९ अंश आमच्यासारख्यांसाठी नव्हे. साडेदहा किंवा त्याहून जास्त घ्या. आणि दाजींचे एक म्हणणे मला मान्य करावे लागते: त्या जुलैच्या रविवारी तिसरा चेंडू गेला तेव्हा मी खरोखरच घाबरलो होतो, ग्रिप इतकी आवळली होती की अंगठ्याचा ठसा रबरावर राहिला होता. ठसे मोजून ती भीती किती कमी झाली हे मला मोजता आलेले नाही.

वर जिथे उजवे आणि डावे लिहिले आहे ते उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे. तुम्ही डावखुरे असाल तर सगळे उलटे वाचावे.