सासूबाईंना तहानच लागत नाही

प्रश्न : आम्ही अकोल्याला राहतो. सासूबाई 74 वर्षांच्या आहेत, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. उन्हाळ्यात ‘तहानच नाही’ म्हणून पाणी टाळतात आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. रोज ओआरएस द्यावं का?

उत्तर : चिमटीवर जाऊ नका. ती परीक्षा लहान मुलांच्या पोटावर करायची. सत्तरीनंतर कातडी सैल पडते, भरपूर पाणी पिणाऱ्यांचीही उभी राहते. जीभ बघा, कोरडी नि खरखरीत आहे का? लघवी दिवसातून दोन-तीनदाच आणि कोऱ्या चहासारखी होते का? (बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनेही ती पिवळीधमक होते, त्याने घाबरू नका.) अंधारी पाणी कमी पडल्याने येते, तशी गोळी जास्त होत असेल तरी येते. बसून आणि उभं राहून, असं दोनदा बीपी मोजून डॉक्टरांना दाखवा. गोळी मनाने बंद करू नका.

वयाबरोबर तहान मंदावते. त्यात तुमच्याकडची हवा कोरडी, घाम आल्याआल्या वाळतो. ब्लाउजवर पांढरे डाग उरतात, ते मिठाचे. म्हणून पाणी घड्याळावर द्या. घरातलं फुलपात्र एकदा मापून घ्या, 200 मिलीचं असेल तर दिवसाला आठ. चहा, ताक, पेज सगळं यात धरा. कडक उन्हात एखाद-दोन वाढवा. रात्री उठावं लागेल या धास्तीने बऱ्याच आजी पाणी तोडतात; त्यांना संध्याकाळी सहाच्या आत सहा-सात फुलपात्री उरकू द्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र माप डॉक्टरांचंच.

ओआरएस रोज नको. लिटरभरात 2.6 ग्रॅम मीठ असतं, बीपीवाल्यांना ते विनाकारण. जुलाब-उलट्या झाल्या तर द्या, आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी : मोठी 1 लिटरला, छोटी 200 मिलीला. मोठ्या पुडीतलं चमचाभर ग्लासात ढवळण्याची सवय वाईट. द्रावण दाट झालं की आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. उरलेलं 24 तासांनी ओतून द्या. पुडी नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ.

आठ तास लघवी नाही, गुंगी आली, बरळायला लागल्या, तर थेट दवाखाना. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.