प्रोटोकॉलला शिष्टाचार म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे : संगणकाच्या जाळ्यातल्या ‘प्रोटोकॉल’ला, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलायचे याच्या ठरलेल्या नियमांना, मराठीत ‘शिष्टाचार’ म्हणावे का? आणि जाळ्याचे काम ज्या एकावर एक रचलेल्या भागांत वाटलेले असते, त्या ‘लेयर’साठी थर बरा की स्तर?

‘शिष्टाचार’ मला पटत नाही. तो ‘राजशिष्टाचार’मधून उचललेला आहे आणि तिथे चपखलही आहे. पण शिष्टाचार मोडला तरी बोलणे कळते, माणसे फक्त दुखावतात. प्रोटोकॉल मोडला तर बोलणेच कळत नाही. आयपी हा पॅकेट, म्हणजे मजकुराचा तुकडा, पत्त्यावर पोचवणारा प्रोटोकॉल. त्याच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला किमान २० बाइटचा हेडर, म्हणजे माहितीचा मथळा, असतो. त्यातल्या दहाव्या बाइटमध्ये ६ असेल तर आतला मजकूर टीसीपीचा (हरवलेले तुकडे पुन्हा पाठवून सगळे क्रमाने पोचवणारा प्रोटोकॉल), १७ असेल तर यूडीपीचा (तशी हमी न देणारा साधा प्रोटोकॉल). ६ या आकड्याचे टीसीपीशी मुळात काही नाते नाही. सगळ्यांनी तसे मानायचे ठरवले, एवढेच. अशा ठरवून मानण्याला मराठीत ‘संकेत’ म्हणतात, म्हणून माझा कौल त्याला. मात्र ‘कोड’ आणि ‘सिग्नल’ यांसाठीही हाच शब्द चालतो. घोटाळा होईलसे वाटले तर खुशाल ‘प्रोटोकॉल’ लिहावे, शब्द रुळलेला आहे.

‘स्तर’ म्हटले की ‘उच्चस्तरीय’ आठवते आणि मानाची उतरंड डोळ्यांसमोर येते. इथे तसे काही नाही. वरचा खालच्यावर टेकलेला असतो, म्हणून ‘थर’च योग्य. ब्राउझरची मागणी खाली उतरताना टीसीपी तिला पोर्ट (यंत्रातल्या कोणत्या प्रोग्रामसाठी ते सांगणारा आकडा) आणि क्रम सांगणारा क्रमांक लावतो, आयपी दोन्ही टोकांचे पत्ते लावतो आणि ईथरनेट (जवळच्या यंत्रांना जोडणाऱ्या जाळ्याचा प्रोटोकॉल) फक्त पुढच्या टप्प्यापुरते पत्ते. वाटेतला राउटर, म्हणजे पॅकेटची पुढची वाट ठरवणारे यंत्र, ईथरनेटचा हेडर काढतो, आयपीचा पत्ता वाचतो, टीटीएलचा (पॅकेटला अजून किती टप्पे जाता येईल त्याचा) आकडा एकने कमी करतो आणि नवा ईथरनेट हेडर चढवून पॅकेट पुढे धाडतो. वाट ठरवायला टीसीपीचे क्रमांक त्याला लागतच नाहीत.

प्रश्नात नसलेली, पण मला जास्त खटकणारी एक गोष्ट सांगतो. ‘टीसीपी आयपीशी बोलतो’ असे सर्रास लिहितात. टीसीपी बोलतो तो पलीकडच्या यंत्रातल्या टीसीपीशी. आपल्या खालच्या आयपीला तो फक्त काम सोपवतो. प्रोटोकॉल हा आडवा करार आहे, दोन यंत्रांतल्या समान थरांमधला. एकाच यंत्रातल्या वरच्या-खालच्या थरांत असतो तो इंटरफेस. क्रियापदे वेगळी ठेवली की अर्थ आपोआप स्वच्छ होतो : शेजारच्या थराला ‘सोपवणे’, समोरच्या यंत्राशी ‘बोलणे’.

हे थर पहिल्यापासून असेच नव्हते. विंट सर्फ आणि बॉब कान या संगणकतज्ज्ञांच्या १९७४ च्या आराखड्यात टीसीपी आणि आयपी एकत्रच होते. आवाज पाठवताना हरवलेला तुकडा पुन्हा मागवत बसण्यापेक्षा तो सोडून देणे परवडते; अशा कामांना टीसीपीचा खटाटोप नको होता. म्हणून पुढे दोघांची फारकत झाली, आणि १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याने, ही जोडी स्वीकारली ती वेगळी झालेलीच.