पंखे फिरतात, स्क्रीन काळी: मदरबोर्ड बदलायच्या आधी रॅम काढून बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की पंधरा दिवस गावाला होतात, कोल्हापुरात पाऊस चालूच होता. आता पीसीचं बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवा लागतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. शेजारी म्हणतात फॉरमॅट मारा, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. आत्ता दोन्हींतलं काहीच करू नका.

फॉरमॅटचा इथे संबंधच नाही. सुरू होताना मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिथे जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड, आधी प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स तपासतो, मग हार्ड डिस्ककडे वळतो. कंपनीचं नावसुद्धा दिसत नसेल तर काम बहुधा विंडोजपर्यंत पोचलेलंच नाही. तुमचे फोटो डिस्कवर सुखरूप असण्याचीच शक्यता जास्त. फॉरमॅट केलं तर तेच जातील.

आधी मॉनिटरची केबल बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच हवी, बोर्डाच्या पोर्टला नाही.

आता रॅम, म्हणजे बोर्डावरच्या लांबट स्लॉटमध्ये बसवलेली मेमरीची पट्टी. माझा सगळा संशय तिच्यावरच आहे. आपल्याकडच्या दमट हवेत बंद पडून राहिलेल्या मशिनमध्ये रॅमच्या सोनेरी टोकांवर मळाचा बारीक थर बसतो आणि स्लॉटशी संपर्क तुटतो. प्लग काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. रॅम काढा, सोनेरी टोकांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटकून टाका. सॅंडपेपर अजिबात नको. बसवताना खाच जुळवा आणि क्लिप टक करून बसेपर्यंत दाबा. नवशिक्या माणसाला वाटतं त्यापेक्षा जास्त जोर लागतो. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, स्लॉटही बदलून बघा.

पावसाळ्यात माझ्याही पीसीचं हेच झालं होतं. दुरुस्तीवाल्याने बोर्ड बदलायला लावला, हजारो रुपये गेले आणि नव्या बोर्डावरही स्क्रीन काळीच! शेवटी दोनपैकी एक रॅम खराब निघाली. म्हणून जीव तोडून सांगतोय.

एवढ्याने झालं नाही तर सगळ्या रॅम काढून मशिन सुरू करा. आत छोटा स्पीकर असेल आणि बीप वाजल्या, तर बोर्ड आणि प्रोसेसरमध्ये जीव आहे. स्पीकरच नसेल तर शांततेवरून काही ठरवू नका. नंतर प्लग काढून रॅम परत लावा आणि बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा चपटा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. तो ३ व्होल्टचा असतो, जुना झाला असेल तर नवाच घाला. सेल काढल्यावर तारीख चुकते; ती नीट केल्याशिवाय ब्राउझर सुरक्षिततेचे इशारे देत राहील.

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. तो दुकानात मोजून घ्या: पिवळी वायर १२ व्होल्टची, ११.४ ते १२.६ मध्ये आली तर ठीक. तुमच्यासमोर हे मोजल्याशिवाय आणि दुसरी रॅम लावून दाखवल्याशिवाय बोर्डासाठी पैसे देऊ नका.

तुम्ही शुक्रवार पेठेत राहता म्हणून एक सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की कॅबिनेट जमिनीवरून उचलून उंचावर ठेवा. आत पाणी शिरलं असेल तर प्लग लावूच नका.

रॅम पुसून झाली की बीप वाजतात का, किती वाजतात, आणि बोर्डाचं मॉडेल काय ते लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.