मागची बाजूही दाखव

अगं, भरतकामाच्या नक्षीसाठी मोबाइल चाळत बसू नकोस. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्यांतून फीर, घरातली वाकळ उन्हात टाकशील तेव्हा तुकड्यांचे रंग निरख, आजीच्या इरकलीचा पदर उलटा करून बघ. कसुती म्हणजे कर्नाटकी भरतकाम; त्यातली गवंती ही शिवण धावदोऱ्याने पुढे जाते आणि त्याच वाटेने परत येताना मोकळ्या जागा भरते. म्हणून दोन्हीकडून सारखी दिसते, गाठ कुठेच नाही. गोपूर, रथ, तुळशीवृंदावन, सगळं छापा न काढता, धागे मोजून उतरवलेलं!

काम दाखवताना नुसता सुबक कोपरा नको, मागची बाजूही दाखव. जाणती बाई तिथंच बोट ठेवते, आणि तेच तुला हवंय. कौतुकवाल्या मैत्रिणी नंतर. नक्षी कुणाकडून शिकलीस, तर तिचं नाव आवर्जून सांग.