बर्फाखालच्या समुद्रात डॉल्फिनसारखे बुद्धिमान जीव असतील, तर हात आणि आग नसताना त्यांची संस्कृती कशी असेल?

असे जीव मी कित्येक वर्षं डोक्यात वागवतेय, म्हणून उत्तर द्यायचा मोह आवरला नाही. जीव कल्पनेतले, पण जागा खरी: गुरूचा चंद्र युरोपा. तिथे १५ ते २५ किलोमीटर जाडीचा बर्फ आणि त्याखाली खारा समुद्र असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मी त्यांना 'निनादी' म्हणते. डॉल्फिनचा आकार मी उगाच दिलेला नाही. शार्क हा मासा, इक्थिओसॉर हा सरीसृप, डॉल्फिन सस्तन. तिघांचं नातं लांबचं, तरी वेगात पोहायचं म्हटल्यावर अंगाचा घाट सारखाच झाला. फक्त निनादींना कल्ले आहेत, कारण श्वास घ्यायला वर हवाच नाही.

हातांवाचून फारसं अडत नाही. ऑस्ट्रेलियात शार्क बे इथले काही डॉल्फिन तोंडावर समुद्री स्पंज चढवून तळ उकरतात आणि ही युक्ती पिल्लं आईकडून उचलतात. आग नाही म्हणजे धातू वितळवणं नाही, भाजलेली मडकी नाहीत. ते मान्य करूनच पुढे जायचं.

लिहिणं मात्र आहे. पाण्यात वायूच्या बुडबुड्यावरून आवाज जोरात परततो. निनादी बर्फाच्या छताला खालून खळगे पाडतात आणि माशांसारखी पोटात वायूची पिशवी असते, तिच्यातला वायू त्यात सोडतात. आवाज टाकला की खळग्यांची ओळ अंधारातही 'वाचता' येते. पण वायू हळूहळू पाण्यात विरघळतो, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याने तो भरत राहावं लागतं. एक आई पिल्लाला घेऊन चाललीय. वाटेत पणजीच्या नावाचे सात खळगे आहेत, त्यातला पाचवा मंद वाजतो. ती थांबते. पिल्लू नाक टेकवून एक बुडबुडा सोडतं, मागे सरून टक् करतं, ऐकतं. पुरेसा नाही वाटत, म्हणून आणखी एक. ज्या ओळीपाशी कुणीच थांबत नाही, ती काही पिढ्यांत पुसली जाते.

आणि त्यांचं खगोलशास्त्र! लहानपणी आम्ही विहिरीत बुडी मारून दगडावर दगड आपटायचो. आवाज कुठून आला ते कळायचंच नाही, सगळीकडून एकदम यायचा. पाण्यात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर पळतो, हवेतल्या चौपटीहून जास्त. आपले कान तिथे गोंधळतात, निनादींचे नाही. युरोपाला गुरूभोवती एक फेरी घालायला सुमारे ८५ तास लागतात. कक्षा किंचित लांबट, त्यामुळे गुरूची ओढ कमीजास्त होते, बर्फ ताणला जातो आणि तडकतो. त्या तडकण्याच्या लयीवर निनादींचं पंचांग चालतं. गुरू त्यांनी कधी पाहिलेला नाही, तरी दिवस त्याच्याच हिशेबाने मोजतात. छतावर मोठा दगड आपटून ते प्रतिध्वनीची वाट पाहतात. साधारण १० सेकंदांनी तो बर्फाच्या वरच्या टोकावरून परततो. त्यापलीकडून काहीच परतत नाही. कधीमधी उल्का आदळते तेव्हा वरून धडका ऐकू येतात, आणि पलीकडे कुणी आहे का यावर त्यांच्यात पिढ्यानपिढ्या वाद चालतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाचं युरोपा क्लिपर यान निघालंय. २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचून ते युरोपाजवळून ४९ वेळा जाणार आहे. निर्वातातून आवाज जात नाही, त्यामुळे निनादींना त्यातलं एकही जाणं ऐकू येणार नाही.